जसिंताचं गरम पाणी

जसिंताचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पुढे तिला कुठे नावं ठेवली तर त्यातलं किती खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्टानिस्लाव, कुरीपुळ्याच्या धक्क्यावरचा इंजिन मिस्त्री. लोक मला आशान म्हणतात, म्हणजे उस्ताद. अष्टमुडीच्या खाडीत कोल्लमपासून मन्रो बेटापर्यंत कुठेही बोटीचं इंजिन बंद पडलं की लोक आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मग माझं. घ्यायचे म्हणतोय मी, घेतात नाही म्हणत.

ही जसिंता दळवापुरमची. तिचा आजा तिसऱ्या काढायचा, बापही तेच करायचा, आणि ही अकरा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर खाडीत बुडी मारायची. गिल्बर्टशी लग्न झालं, तोही बुडीवालाच. पुढे पाण्याच्या दाबानं त्याचे दोन्ही कान फुटले. ऐकू येईना ते एक, पण पाण्यात उतरलं की त्याला वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. त्याला घरी बसवून हिनं किनाऱ्यावर तिसऱ्या उकडायची चूल मांडली. पहाटे होड्या यायच्या, ही हंड्यात तिसऱ्या ओतायची, वर ओलं गोणपाट घालायची आणि कान देऊन उभी राहायची. शिंपा उघडायला लागल्या की आतून टकटक आवाज येतो म्हणे. तो आवाज कुठवर होऊ द्यायचा आणि हंडा कधी उतरवायचा हे तिला बरोबर कळायचं. तिच्या तिसऱ्यांचं मांस कधी चिवट झालं नाही. मी खाल्ल्यात, म्हणून मला माहीत आहे. त्यात खोट काढायचा मी प्रयत्न केला होता.

मग तो वरत्तन आला. वरत्तन म्हणजे उपरा. अंगठ्याएवढा काळपट शिंपला, बुडाशी दाढीसारखे धागे, आणि त्या धाग्यांनी जिथे मिळेल तिथे चिकटून बसायचं. कुणी म्हणे वादळानंतर आला, कुणी म्हणे परदेशी जहाजांच्या पोटाला धरून आला. कसा का येईना, दोन वर्षांत त्यानं खांब, दोर, जाळी, सगळं झाकून टाकलं. तिसऱ्यांच्या अंगावर बसून त्यानं तिसऱ्यांना मारलं. जसिंताचे हंडे पालथे पडले. वरत्तनही उकडून खाता येतो, पण त्याला बाजारात कुणी विचारेना.

आणि माझं काय झालं? माझी चंगळ झाली. लपवून काय करू? बोटीच्या बुडाला एक पाइप असतो, त्यातून इंजिन खाडीचं पाणी ओढतं, त्या पाण्यानं स्वतःला थंड करतं आणि मागून पिचकारी मारून टाकून देतं. ही पिचकारी जोरात असली की बोटवाला निश्चिंत. वरत्तनची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात. ती त्या पाइपात शिरतात, अंधार बघून खूश होतात आणि तिथेच मोठी होतात. मग पिचकारी बारीक होते, इंजिन तापतं, आणि "आशान, या हो!" म्हणून हाका सुरू होतात. मी जायचो, कूलर खोलायचो, तारेनं नळ्या साफ करायचो, डोक्याला हात लावून "वेळेवर बोलावलंत, नाहीतर इंजिन गेलं होतं" म्हणायचो. ती दोन वर्षं माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

कमलासननची बोट महिन्याला एकदा तरी माझ्याकडे यायची. तो सदाशिवन मुतलाळींच्या सात बोटींपैकी एक चालवतो. मुतलाळी म्हणजे आमचे मालक, त्यांच्या सगळ्या बोटींची इंजिनं माझ्या हाती. तर एका वर्षी पाऊस संपला, खाडीचं पाणी पुन्हा खारट झालं, आणि कमलासनन यायचा बंद झाला. एक महिना गेला, दोन गेले. चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं.

"काय रे कमलासनन, बोट बुडवलीस की काय?"

"नाही आशान, चाललीय की मस्त."

"तापत नाही?"

"नाव नाही. जसिंता चेची बघते ना आता." चेची म्हणजे ताई.

"कोण जसिंता? तिसऱ्यावाली? ती काय बघते? तिला पाना कोणत्या बाजूनं धरतात ते तरी माहीत आहे का?"

"पाना धरतच नाही ती," तो चहा फुंकत म्हणाला. "गरम पाणी घालते."

टपरीवर सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि घरी जाऊन बायकोवर उगाच ओरडलो.

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. तिनं काय काय खूळ काढलं होतं सांगू? धक्क्याच्या खांबाला काथ्याचा एक दोर बांधून पाण्यात सोडलेला. चार दिवसांनी तो वर ओढायची आणि दोन बोटांत धरून चोळायची. दोर नुसता बुळबुळीत लागला तर पुन्हा पाण्यात. तिळासारखं खरखरीत लागलं की बोटवाल्यांना सांगायची, "बी पडलंय, उद्या पाणी तापवते." झाली परीक्षा! आम्ही तीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर रोग ओळखला, आणि ही बाई दोर चोळते. शिवाय बोटवाल्यांना तिनं एक शिस्त लावली होती. संध्याकाळी बोट बांधण्याआधी पाइपाचा कॉक बंद करायचा, पिंपातलं विहिरीचं पाणी इंजिनाला पाजायचं, आणि तेच आत ठेवून इंजिन बंद करायचं. रात्रभर खाडीचं पाणी बोटीच्या पोटात राहता कामा नये. हे मोठाले मिशावाले बोटवाले, ज्यांनी माझं साधं "तेल बदला रे" कधी ऐकलं नाही, ते तिच्यासाठी विहिरीवरून पाणी वाहत होते.

गरम पाण्याचा कार्यक्रम मी ताडीच्या दुकानाआडून तीन वेळा पाहिला. तिचे तेच जुने हंडे, तीच चूल. ती काथ्या गुंडाळलेलं लाकडी बुच घेऊन पाण्यात उतरायची, बोटीखाली जायची, बुच ठोकून पाइपाचं तोंड बाहेरून बंद करायची. मग वर यायची, आतला जाळीचा डबा उघडायची आणि त्यातून उकळतं पाणी पाइपात ओतायची. पाव तास थांबायची. पुन्हा बुडी, बुच काढलं, झालं. एवढंच! याच्यासाठी एवढं कौतुक? मला वाटलं, हे तर माझी सासूसुद्धा करेल.

बोटीखाली तिला वेळ बराच लागायचा हे मी पाहिलं होतं. पाच-सहा वेळा दम घ्यायला वर यायची. वय झालं, बुच ठोकायला जमत नसेल, असं मी मनात म्हणालो आणि मला बरं वाटलं.

डिसेंबरपर्यंत मुतलाळींच्या सातपैकी सहा बोटी तिच्याकडे गेल्या. घरी ट्रीझा, माझी बायको, कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, सोलता सोलता म्हणाली, "बरं झालं हो, बिचारीची चूल पेटली."

"आणि माझी विझली ती?"

"तुमच्याकडे काय कमी आहे? तुम्ही इंजिन बरं करता, ती इंजिन आजारीच पडू देत नाही. वेगवेगळं काम आहे."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. या बाईनं माझ्या कामाबद्दल एवढं नेमकं वाक्य कधी काढलं नव्हतं, आणि काढलं ते जसिंतासाठी. मी न जेवता उठलो.

राहिली होती ती सातवी बोट, 'श्रीभद्रा'. ती महत्त्वाची होती. जानेवारीत आमच्या चर्चमध्ये संत सेबास्तियनचा सण असतो. संताची मूर्ती बोटीतून पलीकडच्या काठावरच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात नेतात आणि परत आणतात. मुतलाळी हिंदू, बोटीचं नाव देवीचं, आणि तिच्यात आमचा संत बसतो, यात इथे कुणाला काही वावगं वाटत नाही. मूर्तीमागे इंजिनाच्या झाकणाशी मिस्त्री बसतो. मागे शंभर होड्या, बँड, फटाके, दोन्ही काठांवर माणसंच माणसं. त्या जागेवर मी बावीस वर्षं बसत होतो. माझी आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी तिला खुर्चीत घालून काठावर आणली होती, आणि मला तिथे बसलेला पाहून ती रडली होती.

सणाआधी आठ दिवस मुतलाळींनी मला बोलावलं.

"आशान, रागावू नका. या वर्षी श्रीभद्राही जसिंताला दाखवू या का? परवा पिचकारी जरा बारीक वाटली."

"बावीस वर्षं कधी थांबलीय का ती बोट?"

"तसं नाही हो."

"मग कसं? सांगा ना. संताच्या मागे आता तिसऱ्यावाली बसणार?"

मुतलाळी भिडस्त माणूस. पंच्याचं टोक चाचपत म्हणाले, "बरं. या वर्षी तुम्हीच बघा. पण यंदा काही झालं ना, तर पुढच्या वर्षापासून बोटही तिची आणि ती जागाही तिची. मग मला बोल लावायचा नाही."

आता खरं तर मी पाइप उतरवून साफ करायला हवा होता. माझी नेहमीची पद्धत. पण त्याला बोट धक्क्यावर चढवावी लागते, दोन दिवस जातात, आणि सगळ्या गावाला दिसतं की आशानच्या बोटीत वरत्तन भरलाय. मला तसं नको होतं. मला हवं होतं की तिचं ते गुपित मी एका दुपारात करून दाखवावं, आणि पुढे कधीतरी टपरीवर सहज म्हणावं, "गरम पाणी होय? ते तर मीही घालतो."

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला गेली तेव्हा मी श्रीभद्रावर तीन हंडे पाणी उकळवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बुडी मारली, बुच घेऊन. पाइपाच्या तोंडाशी हात घातला तर आत बोटं जेमतेम शिरली, शिंपले एवढे दाटीनं बसलेले. तेवढंच बरं, म्हटलं, सगळे एका फटक्यात मरतील. बुच ठोकलं, वर आलो, पाणी ओतलं. मनगट भाजलं, पण ओतलं. पाव तासानं बुच काढून इंजिन लावलं. पिचकारी आधीपेक्षा जोरात! वीस मिनिटं मी इंजिन चालवलं आणि एकटाच हसत बसलो. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा अकरा वाजले होते. फादर पुढे, मध्ये फुलांनी मढवलेला संत, सुकाणूवर सणापुरता कमलासनन, शेजारी मुतलाळी पांढऱ्या कपड्यांत, आणि इंजिनापाशी मी. मागच्या होडीत बायका, त्यात ट्रीझा, आणि तिला चिकटून जसिंता, मोतिया रंगाच्या नव्या साडीत. मी मुद्दाम वळून तिच्याकडे पाहिलं. म्हटलं बघ, बघून घे.

खाडीच्या बरोबर मध्यावर, जिथे दोन्ही काठ सारखेच लांब दिसतात, तिथे कमलासनन हळूच म्हणाला, "आशान, पिचकारी."

मी मागे वाकून पाहिलं. पिचकारी बारीक धार झाली होती. बघता बघता नुसते थेंब. मग इंजिनातून करपल्यासारखा वास आला आणि झाकणाच्या फटीतून वाफ. मला इंजिन बंद करावं लागलं. बँडवाल्यांना कळलं नाही, ते थोडा वेळ वाजवत राहिले, मग एकेक वाद्य थांबलं. संत वाऱ्यावर हळूहळू फिरायला लागला आणि काठाकडे पाठ करून थांबला. शंभर होड्यांतली माणसं माझ्याकडे बघत होती.

मी जाळीचा डबा उघडला. आत शिंपले खच्चून भरलेले, सगळ्यांची तोंडं उघडी, आतलं मांस पांढरं पडून सुटलेलं. दुर्गंधी अशी आली की फादरनी नाकाला रुमाल लावला. आदल्या दिवशी मेले तेव्हा ते धाग्यांना धरून होते. रात्रीत धागे सैल पडले आणि इंजिननं जोर लावल्याबरोबर सगळी वसाहत सुटून आत आली. हे मला आत्ता कळतं. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बायकांची होडी जवळ आली. जसिंता तिच्या काठावरून आमच्या बोटीत चढली, डब्यात हात घातला, एक शिंपला उचलला आणि वास घेतला.

"हे उकडलेलं आहे," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली ती. पण ते ऐकलं आणि मुतलाळींचा चेहरा बदलला. गरम पाणी घालणारं माणूस या सगळ्या खाडीत एकच.

"जसिंते, तू या बोटीला हात लावला होतास?"

"नाही मुतलाळी."

"मग उकडलं कुणी? यंदा आशान बघणार असं मी तुला कळवलं होतं ना? तरीही केलंस?"

मागच्या होड्यांतून आवाज यायला लागले. "जागा हवी होती ना तिला!" "माझ्याही बोटीत ओतलंय हिनं, आता तिची काय गत होणार?" "उद्यापासून बंद करा हे थेर!" कमलासनन, ज्याची बोट तिनं इतके महिने सांभाळली, तोही खाली मान घालून उभा. जसिंतानं हातातला शिंपला डब्यात टाकला. तिनं एकदा माझ्या मनगटाकडे पाहिलं, ताज्या फोडांकडे, आणि मग पाण्याकडे पाहायला लागली.

मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? काही नाही. सातही बोटी माझ्याकडे परत आल्या असत्या, आणि ही जागाही माझीच राहिली असती. तिचे हंडे पुन्हा पालथे पडले असते. इतके महिने मी ज्यासाठी जळत होतो ते सगळं समोर ताटात वाढून ठेवलं होतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काही म्हणा, बोट थांबवावी तर जसिंतानंच! आशानला काय जमणार आहे गरम पाणी!"

लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हेही तिचंच? तीन हंडे मी उकळले, या वयात बुडी मी मारली, हात माझा भाजला, संताला भर खाडीत उभा मी केला, आणि नाव पुन्हा तिचं?

"मी ओतलं!" मी उभा राहून ओरडलो. "तिनं नाही, मी! काल दुपारी! तीन हंडे! तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही!"

मग फादरनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले, "स्टानिस्लाव, एवढ्या लोकांसमोर खरं बोलायला फार मोठं मन लागतं." ट्रीझा तिकडे पदरानं डोळे पुसत होती. मी खाली बसलो. काय सांगणार होतो मी त्यांना?

जसिंतानं नवी साडी वर खोचली, कमलासननच्या कमरेचा सुरा काढून घेतला आणि मला म्हणाली, "स्टानी अण्णा, मी खालून खरवडते. तीनदा टकटक केली की कॉक उघडा आणि येईल ते बाहेर काढा." आणि पाण्यात गेली.

मी जाळीपाशी बसून खालचं खरवडणं ऐकत होतो. तिचा बोटीखाली इतका वेळ जायचा तो याच्यात. आधी मोठे शिंपले सुऱ्यानं काढायचे, पाइप मोकळा करायचा, आणि मग गरम पाणी, तेही फक्त बारीक पिल्लांसाठी, दर थोड्या दिवसांनी. ताडीच्या दुकानाआडून मला तिचं वरचं काम तेवढं दिसलं होतं. टकटक झाली. मी कॉक उघडला, पाण्याबरोबर शिंपल्यांचे घोस वर आले, मी ओंजळीनं काढून फेकले. पुन्हा खरवडणं, पुन्हा टकटक. असं सात वेळा. आठव्यांदा स्वच्छ पाणी उसळून आलं आणि माझ्या कपड्यांवर सांडलं.

ती वर आली तेव्हा तिच्या हातांना धारदार शिंपल्यांनी चरे पडले होते आणि नव्या साडीला शेवाळ लागलं होतं. मी इंजिन लावलं. मागे पिचकारी जोरात उडाली, बँड सुरू झाला, कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. मी झाकणापाशी उभाच होतो. मग बाजूला सरकलो आणि तिला म्हणालो, "बस." बावीस वर्षांच्या जागेवर ती ओलीचिंब बसली आणि केस पिळायला लागली.

पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा इंजिनाच्या आवाजात फक्त मला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझ्यासाठी बोलला नाहीत ते मला माहीत आहे. तुम्हाला माझं नाव सहन झालं नाही म्हणून बोललात."

मी मान वळवून पिचकारी बघितली.

"पण बोललात म्हणून गिल्बर्टला उद्या कांजी मिळेल," ती म्हणाली आणि समोर बघायला लागली.

फादरना कळलं नव्हतं, तेहतीस वर्षं संसार केलेल्या ट्रीझाला कळलं नव्हतं. या बाईनं हंड्याला कान द्यावा तसा कान देऊन माझ्या आतलंही बरोबर ओळखलं, आणि त्याबद्दलही मला तिचा हेवाच वाटला.